बंड्यास पत्र: आमच्या शाळेचे वर्ष

जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव
एप्रिल 2026

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सॅट्सवर, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवर, निकाल भरत बसलो होतो. इथले नेट तुला ठाऊकच आहे, म्हणून दोन वाक्यांत तुला कटवले. "तिकडे मराठी शाळा अजून चालू आहेत का रे?" असे तू विचारलेस. पुण्यात बसून असे विचारणाऱ्याला खरे तर चार शिव्या हासडायला हव्यात. पण आता शाळा सुटली आहे, हातात वेळ आहे, तर सगळे सविस्तरच लिहितो.

चालू आहेत. आमची तर यंदा बरी चालली.

आधी छपराचे सांगतो, माझा सगळा जीव त्यातच अडकला होता. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस तुला नव्याने सांगायला नको. शाळेवर तीच मंगळुरी कौले. वाशांना वाळवी, रिपा कुजलेल्या, त्यात माकडांची धाड. गेल्या जुलैत चौथी-पाचवीचा वर्ग ओसरीवर भरत होता आणि झड आत आली की पोरे दप्तर पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभी राहायची. पाऊस ओसरल्यावर दोन खोल्यांच्या दुरुस्तीला मंजुरी आली. ठेकेदाराचे म्हणणे, कौले काढा, पत्रा घाला, काम झटपट होईल. पण आमच्या एसडीएमसीतली, म्हणजे पालकांच्या शाळा समितीतली, एक आई उठली आणि म्हणाली, "पत्र्यावर पाऊस पडला की बाई काय शिकवते ते पोरांना ऐकू कसं यायचं?" तिथेच विषय संपला. लाकूड काढून लोखंडी अँगल बसवले, धड कौले उतरवून शेवाळ घासले आणि तीच परत चढवली. कमी पडली ती गावातल्या एका पडक्या घराची मिळाली. दोन खोल्या कोरड्या होतील असे वाटते, खरे काय ते जूनमध्ये कळेल. तिसरी खोली तशीच आहे, तिथे आम्ही मोडकी बाके रचून ठेवलीत.

कंपाउंडची भिंत नरेगातून झाली, त्यामुळे गुरे आत शिरायची थांबली. वीजबिलाची कटकट तर आधीच मिटली होती. सरकारी शाळांना वीज आणि पाणी फुकट द्यायचे सरकारने 2023 च्या कर्नाटक राज्योत्सवाला (1 नोव्हेंबर) जाहीर केले, नाहीतर महिनाअखेरीस मास्तरांनीच पदरमोड करायची. वार्षिक अनुदान पटावर ठरते. 31 ते 100 पोरे असली तर 25 हजार. त्यात खडू, झाडू, रंग आणि फुटलेली बादली.

मुलींच्या संडासाचे मात्र लिहायलाच हवे. इमारत जुनीच आहे. फक्त यंदा नळाचे पाणी आतपर्यंत आले. एवढ्यानेच सहावी-सातवीच्या मुली दुपारी घरी जाऊन परत न येण्याचे प्रमाण खूप उतरले. आमच्या बाईंच्या हे आधी ध्यानात आले, माझ्या नंतर. रंगरंगोटीचे फोटो सगळे काढतात, नळाचा कुणी काढत नाही.

जेवणाचे थोडक्यात. आपल्या वेळी काय मिळायचे ते आठव. आता दूध आहे, गरम जेवण आहे आणि सप्टेंबर 2024 पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहाही दिवस अंडे. जे खात नाहीत त्यांना केळे किंवा चिक्की. पहिलीतली पोरे अंडे सोलताना निम्मे पांढरे सालीबरोबर टाकतात, म्हणून मोठ्या मुलींना सोलून द्यायला बसवतो. त्या मधेच एखादे पिवळे पळवतात. मी कानाडोळा करतो.

आता शिकवण्याचे. पहिली ते तिसरी एकत्र बसतात, नलीकलीच्या पद्धतीने. ही पद्धत 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात शिक्षकांनीच सुरू केली. कार्डे, गट, भिंतीवर प्रगतीची शिडी. ज्याचे जेवढे झाले तेवढे, पुढच्या पोराची वाट बघत कुणी ताटकळत नाही. आमच्यासारख्या कमी पटाच्या शाळेला हे फार सोयीचे पडते. मोठ्या वर्गांत गणिताचे किट नीट वापरले आणि भागाकारावर अडलेले घोडे पुढे सरकले. पुस्तकेही आता दोन भागांत येतात, दप्तर हलके झाले.

पण यंदा खरी मजा आली ती कन्नडच्या तासाला. कपाळाला आठ्या घालू नकोस, पुढे वाच.

2015 च्या कर्नाटकच्या कायद्याने शाळांत कन्नड सगळ्यांना सक्तीचे झाले, त्यामुळे आमची पोरे पहिलीपासून मराठी, कन्नड आणि इंग्रजी शिकतात. तिकडे तुमच्याकडे पहिलीपासून हिंदीवरून केवढा गदारोळ झाला आणि 29 जून 2025 ला सरकारने निर्णय मागे घेतले! दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये फार हसलो. पण इतकी वर्षे कन्नड म्हणजे अक्षरे गिरवणे आणि उत्तरे घोकणे. सातवीचे पोर कन्नड निबंध पाठ म्हणून दाखवायचे, आणि बेळगावात कंडक्टरने काही विचारले की तोंडाला कुलूप.

यंदा रामदुर्गकडच्या एक बाई आल्या. त्यांना मराठी फारसे येत नाही, आणि तेच पथ्यावर पडले. महिनाभर पुस्तक उघडलेच नाही. पोरांनी बाईंना मराठीत भाज्यांची नावे सांगायची, बाईंनी त्यांना कन्नडमध्ये. मग एसटीचे बोर्ड, मग रेशनची पावती, औषधाच्या दुकानाची पाटी. डिसेंबरात सहावीतल्या एका मुलीने घरी आलेले कन्नड वीजबिल बापाला वाचून दाखवले, थकबाकी कुठली आणि चालू महिन्याची रक्कम कुठली ते बोट ठेवून. बापाने मला भर रस्त्यात मोटरसायकल थांबवून हे सांगितले. धाकट्याचे नाव त्याने तरीही खानापूरच्या इंग्रजी शाळेतच घातले आहे, तो भाग निराळा.

माझे मत आता पक्के झाले आहे, तुला पटो न पटो. आमची मराठी शाळा जर कशाने रिकामी होत असेल, तर ती दारात येणाऱ्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या व्हॅनने. आईबापांचा हिशेब सरळ आहे: मराठी शाळेत पोराला कन्नड येत नाही, इंग्रजी येत नाही, मग नोकरी कुठली? हीच पोरे कन्नड घडाघडा बोलू लागली तर व्हॅनवाल्याच्या हातातला निम्मा मुद्दा जातो. हा भाग महाराष्ट्रात यावा हे 1956 पासूनचे आपले म्हणणे मी सोडलेले नाही. घटनेच्या 350 अ कलमात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा असे स्वच्छ लिहिले आहे, ते मी प्रत्येक बैठकीत ऐकवतो. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचे जे व्हायचे ते होईल. पण पहिलीतले पोर निकालापर्यंत पहिलीत थांबत नाही ना. सुखदेव थोरातांच्या राज्य शिक्षण धोरण आयोगानेही गेल्या ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारला पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा कन्नडमधून शिकवा असे सुचवले आहे. यातले मातृभाषा हे दोन्ही राज्यांत सोयीस्कर विसरले जाते, म्हणून आम्हीच ते धरून ठेवायचे.

घोडे पेंड खाते ते मास्तरांवर. आमच्याकडे मराठीची एक जागा रिकामीच आहे, अतिथी शिक्षकावर भागवतो. 2025 च्या अर्थसंकल्पात त्यांचे मानधन 2000 रुपयांनी वाढले, तरी चांगली शिकलेली मुलगी एवढ्यात जांबोटीच्या घाटापर्यंत किती वर्षे येईल? यंदाची होती ती फार हुशार, पोरांना तिचा लळा लागला होता. मे महिन्यात तिचे लग्न आहे, गोव्याला जाणार. वर पुढच्या वर्षी मीही निवृत्तीच्या रांगेत. छपराला पैसा मंजूर करून घेणे सोपे, माणूस मंजूर करून घेताना नाकी नऊ येतात. शिवाय मोठ्या कर्नाटक पब्लिक स्कूलमध्ये आसपासच्या लहान शाळा ओढल्या जातील अशी कुजबुज आहेच. पट टिकवला तर बोलायला तोंड राहील, म्हणून मे महिन्यात आम्ही घरोघर फिरणार आहोत.

आता तुझे काम. कोरड्या झालेल्या एका खोलीत आम्ही वाचनाचा कोपरा करतोय. मराठी गोष्टींची पुस्तके हवीत, मोठ्या टाइपातली, चित्रांची, दुसरी-तिसरीच्या पोरांना एकट्याने वाचता येतील अशी. उपदेशाची नकोत, थोरामोठ्यांची चरित्रे कपाटभर आहेत. तुझ्या सोसायटीत पोरांची जुनी झालेली निघतील, पण फाटकी पाठवू नकोस. स्वारगेटहून रात्रीच्या बेळगाव गाडीने पार्सल टाक आणि पावतीचा फोटो पाठव, मी स्टँडवरून उचलतो. मे अखेरीस शाळा उघडते, त्याआधी आली तर बरे.

काकूंच्या गुडघ्याचे काय झाले ते कळव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मास्तर