सुरक्षेची तयारी कामगारांपासून करा

मा. संपादक,

सुरक्षा मूल्यांकनासाठी कारखाना स्वतःहून पुढे येतो, ही चांगलीच गोष्ट. पण पथक येणार म्हटलं की रंगरंगोटीलाच ऊत येतो. मी देखभाल विभागात फिटर आहे, म्हणून कळकळीने लिहितो. अमेरिकेत १९८२पासून चालू असलेल्या 'ओशा' या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेच्या स्वेच्छा योजनेत परीक्षक अपघातांच्या नोंदी तपासतात, कारखान्यात फिरतात आणि कामगारांशीही बोलतात. तयारी तिथूनच हवी. मशीन उघडण्याआधी वीज तोडून प्रत्येक जण मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो का? चावी त्याच्याच खिशात असते का? मग स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच बंद असल्याची खात्री करतो का? थोडक्यात टळलेले अपघात तर कुणी नोंदवतच नाही, कारण सांगणाऱ्यालाच बोल लागतो. व्यवस्थापनाने आधी ती भीती घालवावी आणि पाहणीच्या फेरीत आम्हालाही सोबत घ्यावं.

– एक फिटर