पक्याची भट्टी मी विकली

कॅटी, टेक्सास
२६ जानेवारी २०२५

प्रिय बंड्या,

दिवाळीला तुझा फोन आला तो मी उचलला नाही, आणि नंतर उलट केलाही नाही. राग धरला असशील तर तुझा हक्क आहे. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, पहिल्याच वाक्याला घसा दाटला असता.

पक्याची भट्टी मी विकली.

घर विकतोय हे तुला ठाऊक आहे. मीनाचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, चिऊ शिकागोला, नातू दीड वर्षाचा. फेब्रुवारीच्या १५ तारखेला इथल्या किल्ल्या द्यायच्या आहेत. नवी जागा सातव्या मजल्यावर आहे. बाल्कनी चांगली ऐसपैस, पण तिथे कोळसा, लाकूड, गॅस, कशाचीच आग चालत नाही. बिल्डिंगचा नियम आहे आणि तो योग्यच आहे, वरखाली माणसं राहतात. माझी तब्येत ठीक. साखर ताब्यात, बीपीची गोळी चालू.

तर परसातलं सगळं काढायचं होतं. २९ वर्षांत जमलेलं. तू मला नेहमी म्हणायचास, "एका माणसाला किती चुली लागतात रे?" त्यावरून आपण एकदा पेणच्या स्टँडवर भांडलोसुद्धा, आठवतंय? एसटी सुटली तरी तू बोलतच होतास. आज तुला उत्तर देतो. एकच लागते. पण ती कोणती हे कळायला बाकीच्या घ्याव्या लागल्या.

पहिलं ते काळं गोल वेबर, झाकणाची कोळशाची शेगडी, १९९६ साली गॅरेज सेलमधून १५ डॉलरला आणलेलं. त्याचा फोटो पाठवला तेव्हा तू लिहिलं होतंस, "हा तर रेवसच्या धक्क्यावरचा बोया." तू गमतीने लिहिलंस, पण ते अगदी खरं होतं. शिकागोला वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये बोये, म्हणजे पाण्यात खुणेसाठी तरंगत ठेवतात ते लोखंडी गोळे, बनायचे. तिथल्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने १९५२ मध्ये बोया आडवा कापला, खालच्या अर्ध्यात कोळसा घातला आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. उघड्या शेगडीवर वारा आला की राख उडते, पाऊस आला की पंचाईत, त्यावर त्याने काढलेला तोडगा. खाली भोकं, वर भोकं, ती कमीजास्त उघडायची आणि आग हातात ठेवायची. पहिल्यांदा झाकण लावून कोंबडी भाजली तेव्हा मला शेतावर पेंढ्याच्या जाळात ठेवलेलं उलटं मडकंच दिसलं. झाकलेली आग कशी वागते हे आपण तिघं दहा-बारा वर्षांचे असतानाच शिकलो होतो. ते वेबर परवा शेजारच्या मुलाला दिलं. नुकतंच लग्न झालंय त्याचं, हौस आहे.

मग २००१ मध्ये गॅसवालं, मीनाच्या सोयीचं. त्याला मी मनातून कधी मानलं नव्हतं, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे थंडीने वीज गेली, नळ गोठले, तेव्हा ह्याच्याच बाजूच्या बर्नरवर अंगणात चहा झाला, खिचडी झाली, शेजारच्या दोन घरांचं दूध तापलं. त्या आठवड्यात लोकांनी ऊब मिळावी म्हणून शेगड्या घरात घेतल्या आणि विषारी वायूने माणसं गेली. मी मीनाला दहा वेळा बजावलं होतं, कितीही गारठलो तरी हे दाराच्या आत यायचं नाही. तेही दिलं.

२००५ ची ती उभी, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची. खाली कोळसा, मध्ये पाण्याचं पातेलं, वर जाळ्या. तिने मला थांबायला शिकवलं. न पेटलेल्या कोळशावर मूठभर पेटलेला टाकायचा, की तो वरून खाली सावकाश पेटत रात्रभर चालतो. आणि चिऊने २०२० मध्ये दिलेली ती भुशाच्या गोळ्यांची, फोनवरून चालणारी. मोटर गोळ्या ढकलते, पंखा फुंकतो, तापमान ती स्वतः सांभाळते. चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पण तिच्यापाशी रात्री कोणाला बसावं लागत नाही, आणि मला बसायचं असायचं. ती मंडळातल्या एकाने नेली.

राहिली पक्याची.

२००८ चं तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पक्या शटडाउनच्या, म्हणजे कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या कामावर ऑगस्टमध्ये इथे आला आणि १३ सप्टेंबरला आइक वादळ आलं. काम बंद, वीज बंद, सगळीकडे झाडं आडवी. पक्या रिकामा बसणारा नव्हे. भंगारवाल्याकडून वीस इंची पाइपाचा तुकडा आणला, पाव इंच जाडीचा. चार फुटांचा मोठा भाग मांस ठेवायला, त्याला एका टोकाला दोन फुटांची आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. आग एकीकडे, अन्न दुसरीकडे, मधून फक्त धूर आणि ऊब वाहते. इकडे टेक्सासात त्याला ऑफसेट म्हणतात. तेलाच्या पाइपांपासून अशा भट्ट्या इथे घरोघरी बनवतात, पण पक्यासारखी कोणाची नाही.

त्याचं दार कापणं मी अजून डोळ्यांसमोर पाहतो. पाइप कापला की त्यातला ताण सुटतो आणि कापलेला तुकडा आपला बाक बदलतो, मग दार जागेवर बसत नाही. म्हणून पक्याने आधी बिजागरीच्या बाजूची एकच रेघ कापली, बिजागऱ्या तिथल्या तिथे वेल्ड केल्या, आणि मगच उरलेल्या तीन बाजू कापल्या. दार उघडलं ते जागेवरच. मिटलं तर फटीत पोस्टकार्ड जाईना. "दार त्याच अंगातून निघालं पाहिजे," म्हणाला. आणि मग त्या दारावर त्याने ती तीन अक्षरं काढली.

ती तू कागदावर काढून पाठवली होतीस. तुझ्या पुतण्याने फोटो काढून ईमेल केला होता. तुझा तो बोर्ड रंगवण्याचा वळणदार हात, 'टी'ची वेलांटी अशी काही फिरवलेली की पक्या फोनवर तुझ्यावर ओरडला, "अरे, हा ब्रश नाही, ७०१८ चा वेल्डिंगचा रॉड आहे, असा वळत नाही." तू म्हणालास, "वळवता येत नसेल तर लिहू नकोस." तीन दिवस बोलला नाहीत दोघं. मग एका संध्याकाळी त्याने खडूने रेघ मारली, काच डोळ्यांवर ओढली आणि एका दमात 'पोपटी' लिहिलं. वेलांटी तुझ्यासारखीच आली. फक्त टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा लोखंडाचा थेंब राहिला. तो घासू का म्हणून त्याने विचारलं, मी नको म्हटलं. सोळा वर्षं दार उघडताना माझा अंगठा त्या थेंबावरच पडत आला.

नव्या तव्यासारखी तेल लावून तापवली तिला. आइकने पाडलेलं पेकानचं लाकूड फोडून, वर्षभर वाळवून पुढे वापरलं. पहिल्या दिवशी मी लाकूड जास्त घातलं, पांढरा दाट धूर झाला. पक्या म्हणाला, "चूल पेटली पाहिजे, धुमसता कामा नये. धूर दिसेल न दिसेल असा निळा हवा, पांढरा धूर कडू लागतो." हे त्याला इथल्या कोणी सांगितलं नव्हतं, त्याच्या आईच्या चुलीपाशी बसून कळलं होतं. त्याच महिन्यात त्याला लॉकहार्टला घेऊन गेलो, सव्वादोन तासांवर. टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये त्या गावाला बार्बेक्यूची राजधानी ठरवलंय. क्राइट्स मार्केट म्हणून १९०० सालापासूनचं दुकान आहे तिथे, विटांच्या लांब भट्ट्या, मांस कागदावर वाढतात. पक्याने पोर्क चॉप खाल्ला, हात पुसले आणि आधी भट्टीचं तोंड बघायला वाकला.

ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, मी तिच्यावर कधी लावलं नाही, आईला शब्द दिला होता. बोकडाचा खांदा आणि डुकराचा खांदा, हेच. २२५ ते २५० फॅरनहाइट, दहा-बारा तास, दर पाऊण तासाला लाकडाची एक फोड. रात्री तीनला तुझ्याकडे दुपारचे अडीच, तू दुकानात गिऱ्हाईक नसताना फोन करायचास. तुला आठवतं, पहिल्या वेळी मी घाबरून सांगितलं होतं की मांसाचं तापमान दीडशेच्या वर जाऊन अडकलंय, चार तास हलत नाही? आणि तू म्हणालास, "माठ पाझरतोय तो. पाणी उडतंय तोवर गार राहणार. थांब." हेच कारण इथे लोक पुस्तकातून समजावतात. तू जेवण झाल्यावर सुपारी कातरत सांगितलंस.

अशी भट्टी मी ४०० डॉलरला विकली.

सीली गावचा एक तरुण आला, ट्रेलर घेऊन. भला मुलगा आहे, उगाच घासाघीस केली नाही. मंगळवारी इथे बर्फ पडला, ह्यूस्टनमध्ये बर्फ, विचार कर, आणि तो गुरुवारी आला, अंगणात अजून चिखल होता. चौघांनी मिळून फळ्यांवरून चढवली. दोरखंड आवळताना त्याने दारावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय?

आणि मी म्हटलं, "काही नाही."

बंड्या, मी असं का म्हणालो मला कळत नाही. घाई होती, घरात सामान बांधणारे लोक आले होते, मीना हाक मारत होती. पण ही कारणं झाली. पोपटी म्हणजे काय हे सांगायला किती वेळ लागला असता? मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, पाण्याचा थेंब नाही, उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. दोन मिनिटं. पक्या जिवंत असता आणि शेजारी उभा असता, तर मी "काही नाही" म्हणालो असतो का?

त्याच संध्याकाळी मी रिकाम्या फरशीकडे बघत बसलो. चार पायांचे चार गंजलेले चौकोन राहिलेत. पहिली पोपटी आठवली, ती तुझ्या मामाच्या शेतावरची. चोवीस अंडी मोजून घातली, बावीस निघाली, आणि आपण मडक्याला फुटकं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत पक्याच्या दप्तरातून दोन निघाली. गणिताच्या तासाला! बाईंनी विचारलं तर म्हणाला, "बाई, ही वर आलेली बाकी आहे." मी एकटाच हसलो रे त्या फरशीपाशी, आणि मग हसता येईना.

आता खरी काळजी. परवा त्या मुलाचा मेसेज आला. तो भट्टी वाळूने घासून, नवा उष्णता सोसणारा काळा रंग देणार आहे. विचारतोय कोणता रंग चांगला. आणि पुढे लिहिलंय, दारावर जुन्या वेल्डिंगचे काही गोळे राहिलेत, ते पुढच्या शनिवार-रविवारी ग्राइंडरने सपाट करीन.

गोळे. त्याची काय चूक? मीच सांगितलं ना, काही नाही म्हणून.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. रात्री तीनदा उठून मेसेज वाचलाय. पैसे परत देऊन भट्टी आणावी, तर सव्वादोनशे किलोचं धूड ठेवू कुठे? मीना म्हणते, नुसतं दार मागून घे. पण दार त्याच अंगातून निघालंय, ते दुसऱ्या कशालाच लागणार नाही, आणि भट्टीला दुसरं दार लागणार नाही. पक्याची वस्तू मी मोडून घरी भिंतीवर टांगू? मला ते पटत नाही. ती पेटती राहावी असं मला वाटतं. पण अक्षरांसकट.

म्हणून आज रात्री त्याला लिहितोय की ग्राइंडर लावू नकोस, मी शनिवारी येऊन सांगतो काय लिहिलंय ते. अक्षरं तुझी आहेत, म्हणून तुला आधी कळवतोय. तुझ्या मनात दुसरं काही असेल, दार आणावं असं असेल, तर शुक्रवारच्या आत सांग. तू म्हणशील ते करीन. आणि पक्याच्या घरी हे सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. मला वहिनींसमोर तोंड उघडायची हिंमत नाही.

तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली का? दुकान पोराने घेतलं हे ऐकून बरं वाटलं, बोर्ड मात्र तूच रंगव. काकूंना नमस्कार. वाल ह्या वर्षी कसे धरलेत ते लिही.

तुझा,
विजू

ता. क. दारातला तापमानाचा काटा माझ्याकडेच राहिलाय. विकण्याआधी काच पुसायला काढला होता, तो बसवायचा राहून गेला. आत्ता टेबलावर आहे, तुझं पत्र लिहिताना समोर. तो त्याला द्यायला तरी शनिवारी जायलाच हवं.