शनिवारची बारापासॉरस भेट : आठवण

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी साडेदहाला कोलकात्यात बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या फाटकाशी जमायचं आहे. बारापासॉरस या डायनोसॉरचा सांगाडा आतल्या भूविज्ञान संग्रहालयात आहे; ते पाहायला आधी परवानगी लागते, म्हणून नावं बुधवारपर्यंत कळवावीत. ओळखपत्र विसरू नये.

हा डायनोसॉर आपल्या शेजारचाच बरं का! त्याची हाडं १९५८ ते १९६१च्या दरम्यान गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातल्या पोचमपल्ली गावाजवळ मिळाली. तिथून आपलं गडचिरोलीतलं सिरोंचा फार लांब नाही. 'बारापा' हे नाव बंगालीतल्या 'बडो पा', म्हणजे मोठा पाय, यावरून. नावाचा दुसरा भाग, 'टागोरी', रवींद्रनाथांवरून. मुलांना मांडीच्या हाडाशेजारी जरूर उभं करा, पाच फुटांहून लांब आहे ते! कवटी मात्र सापडलीच नाही, थोडे दात तेवढे मिळाले. डोकं अंदाजाने घडवलंय, हेही त्यांना सांगा. हाडांना हात लावू देऊ नका.