रामटेकच्या सहलीत नगरधन का सुटतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की नागपुरातल्या शाळांच्या बसगाड्या रामटेककडे निघतात. ठरलेली फेरी असते: गडमंदिर, कालिदास स्मारक, खिंडसी तलावावर बोट आणि अंधाराच्या आत घरी. रामटेकच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर असलेलं नगरधन या फेरीत क्वचितच बसतं. खरं तर गड चढण्याआधी हे गाव बघायला हवं.

नगरधन म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथे सून म्हणून आली. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान होती, म्हणून राज्याचा गाडा तिनेच ओढला. तिचा पुण्यात मिळालेला ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे, तर रिद्धपूरचा ताम्रपट 'रामगिरिस्वामीच्या पायाशी', म्हणजे रामटेकच्या गडावरच्या देवापाशी बसून दिलेला. राजधानी खाली आणि देव वर, हे नातं त्या दोन ओळींतच कळतं. 2015 ते 2018 या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केलं. त्यात याच राणीची मातीची मुद्रा निघाली: ब्राह्मीत नाव आणि सोबत शंख.

इथे एक घोटाळा हमखास होतो. गावातला किल्ला दाखवून 'हाच वाकाटकांचा' असं मुलांना सांगितलं जातं. आज दिसणारा विटांचा तट नागपूरकर भोसल्यांच्या काळातला आहे, वाकाटकांचं नगर त्याच्या कितीतरी आधीचं. किल्ल्यात जमिनीखाली देवीचं ठाणं आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि आत गवत कमरेएवढं वाढतं, म्हणून नोव्हेंबर अखेरीआधी लहान मुलांना नेऊ नये. बॅटरी सोबत ठेवा, चपलांऐवजी बूट घाला आणि मुलांना गवतातून पळू देऊ नका. जनावर निघतं.

एका दिवसात सगळं बसवायचं तर क्रम महत्त्वाचा. नागपूरहून सकाळी साडेसहाला निघून महामार्ग 44 ने कन्हान ओलांडून आधी मनसर गाठावं. तिथली हिडिंबा टेकडी म्हणजे विटांच्या बांधकामाचा उघडा डोंगरच. सावली नाही, दुपारी वीट तापते, त्यामुळे ती सकाळीच उरकावी. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने नंदिवर्धन सोडून वसवलेलं प्रवरपूर ते हेच, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे, तर इतिहासाचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी ते वर्ध्याजवळच्या पवनारला मानलं होतं. मुलांना दोन्ही मतं सांगावीत, एकच छापील उत्तर देऊ नये. इथे सापडलेली शिवाची देखणी मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तेव्हा ती इथे शोधत बसू नका. विटांच्या कडेवर कुणाला उभं राहू देऊ नका. सांध्यातली माती धुऊन गेली की वीट पायाखालून सुटते, त्यात मूलही पडतं आणि दीड हजार वर्षांचं बांधकामही ढासळतं.

मनसरहून रामटेक गाव पार करून दहाच्या सुमारास नगरधनला पोचता येतं. तासाभरात बघून होतं. जेवण रामटेकला करावं, नगरधनमध्ये मोठ्या गटाची सोय होईल या भरवशावर राहू नये.

दुपारी गडावर जाताना बस थेट वरच्या वाहनतळावर नेली जाते, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. गडमंदिराच्या अलीकडे, डोंगराच्या दक्षिण अंगाला केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन लहान देवळं आहेत. बाहेरून साधी, ठेंगणी, कुणी वळूनही बघत नाही. आत मात्र लाल दगडात बसलेला भव्य नरसिंह, हाताशी चक्र. केवल नरसिंहाच्या भिंतीत वाकाटककालीन शिलालेखही आहे. सकाळी नगरधन बघितलेल्या मुलाला इथे प्रभावतीची गोष्ट पुन्हा भेटते. वीस मिनिटं द्या, खिंडसीची बोट चुकली तरी चालेल. गडावर माकडांचा उपद्रव असतो. प्रसादाची पिशवी हातात दिसली की ओढलीच म्हणून समजा, ती चेन असलेल्या बॅगेत ठेवावी. त्रिपुरी पौर्णिमेला सहल ठेवूच नये, गर्दीत मुलं सांभाळणं शिक्षकांच्या आवाक्याबाहेर जातं.

बसची सोय नसलेल्यांसाठी: रामटेकपर्यंत एसटी आणि इतवारीहून रेल्वे आहे. पुढे नगरधनला ऑटो करताना जाणं, तासभर थांबणं आणि परत येणं असं एकत्र भाडं ठरवून घ्यावं. नुसतं जायचं ठरवलं तर परतताना रस्त्यावर ताटकळावं लागतं. येताना रामटेकची पानं घ्यायला विसरू नका. नागपूरच्या पानठेल्यावर तेवढी ताजी मिळत नाहीत.

आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांना एकच विनंती. किल्ल्याच्या दरवाजाशी मराठीत मोठ्या अक्षरांचा एक फलक असावा. त्यावर तीन गोष्टी पुरेत: हा तट भोसल्यांचा, याच परिसरात प्रभावतीचं नंदिवर्धन होतं, आणि उत्तरेकडे तिचा रामगिरी, असा बाण.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर