पित्तनलिकेच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या घरांसाठी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्करोगाविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून येते, पण पित्तनलिकेच्या कर्करोगाविषयी क्वचितच काही वाचायला मिळते. हा आजार तुलनेने विरळा आणि बहुधा उशिरा कळणारा. त्यामुळे ज्या घरात तो शिरतो, त्या घराला पहिल्या दिवसापासून वाटू लागते की हे संकट जगात फक्त आपल्यावरच कोसळले आहे. माझे पती या आजाराने गेले, त्याला आता तीन वर्षे झाली. निदानानंतर ते सव्वीस महिने आमच्यात होते. त्या काळात जे कळत गेले, आणि पहिल्याच आठवड्यात कोणी सांगितले असते तर आमच्या जिवाचा घोर बराच हलका झाला असता, ते अशा घरांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पती गेले, एवढे वाचून कोणी पान उलटू नये, ही विनंती आधीच करते. मी धीर द्यायलाच बसले आहे आणि जे सांगणार आहे त्यात खोटे काही नाही.

आमच्याकडे सुरुवात काविळीने झाली. दुखणे नाही, ताप नाही. एका सकाळी ते खिडकीपाशी आरसा धरून दाढी करत होते आणि उजेडात त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. मागाहून आठवत गेले, की लघवी कितीतरी दिवस गडद होत होती, शौचाचा रंग मातकट पांढरा पडला होता आणि रात्री अंगाला खाज सुटत होती. यकृतात तयार होणारे पित्त ज्या बारीक नळ्यांतून आतड्यात उतरते, त्या नळ्यांतच गाठ वाढली की पित्त तुंबते आणि रक्तात मिसळते. ही सारी लक्षणे त्या तुंबण्याची. सोनोग्राफीत नलिका फुगलेल्या दिसल्या, एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआय तपासणीत, अडथळ्याची जागा कळली, पण ईआरसीपीच्या वेळी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचतात तेव्हा, ब्रशने घेतलेल्या पेशींत पहिल्यांदा काहीच सापडले नाही आणि नमुना पुन्हा घ्यावा लागला. या आजारात असे वारंवार घडते, कारण गाठ अनेकदा नळीच्या भिंतीत घट्ट दडलेली असते आणि हाताला पेशी कमी लागतात. हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्या तीन आठवड्यांत आम्ही कधी डॉक्टरांवर चिडलो, कधी कॅन्सर नाहीच म्हणून आनंदलो, आणि दोन्ही वेळा मनाने थकलो. म्हणून ज्यांचे रिपोर्ट अजून यायचे आहेत त्यांना सांगते, की या आजारात वाट पाहणे हा निदानाचाच भाग असतो आणि त्या दिवसांत तुमच्याकडून काही चुकते आहे असे मुळीच नाही.

चुकीचा हा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे अधिक बोलते. काविळीचे नाव ऐकताच लोक दारूबद्दल विचारतात. माझ्या पतींनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता, तरी हा प्रश्न त्यांना किती वेळा ऐकावा लागला याची गणती नाही. पित्तनलिकांचा जुना दाह, नलिकांतले खडे, नलिकांची जन्मजात विकृती, हेपॅटायटिस बी आणि सी, काही देशांत कच्च्या माशांतून पोटात जाणारे यकृतातले कृमी, अशी काही कारणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. पण कितीतरी रुग्णांत यांपैकी एकही सापडत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या हातून काय चुकले असावे याचा शोध घेणे ताबडतोब थांबवावे, मग तो शोध नातेवाइकांचा असो की त्या माणसाच्या स्वतःच्या मनातला. दुसरा अधिक सोसावा लागतो.

निदान झाल्यावर आमच्या मुलाने रात्रभर मोबाइलवर आकडे वाचले आणि पहाटे माझ्याजवळ येऊन तो रडला. त्या आकड्यांविषयी मला नंतर जे समजले ते सांगते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ४१० रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही दोन औषधे एकत्र घेणाऱ्यांचा मध्यम जीवनकाल ११.७ महिने आढळला आणि जेमसिटाबिन एकटेच घेणाऱ्यांचा ८.१ महिने. त्यात शस्त्रक्रिया करता न येण्याजोगे किंवा आजार पसरलेलेच रुग्ण होते. शिवाय मध्यम म्हणजे बरोबर मधला. निम्मी माणसे त्यापुढेही जगली आणि त्यांतली काही खूप पुढे गेली. तो आकडा कुणाच्या नावावर लिहिलेली मुदत नव्हे. आणि तो २०१० चा आहे. पुढे या केमोच्या जोडीला डुर्व्हालुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागे करणारे औषध आले, तेव्हा २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी हयात असणारे रुग्ण सुमारे २५ टक्के निघाले, तर नुसत्या केमोच्या गटात ते सुमारे १० टक्के होते. चारांत एक हे प्रमाण अजूनही थोडेच आहे, हे मी जाणते. पण ज्या घरात तो एक माणूस आहे, त्या घरासाठी ते सर्वस्व आहे.

याच संदर्भात एक प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपल्या डॉक्टरांना विचारावा, असे मला कळकळीने वाटते: गाठीची जनुकीय तपासणी होऊ शकेल का? यकृताच्या आतल्या पित्तनलिकांच्या कर्करोगात साधारण दहांपैकी एका रुग्णाच्या गाठीत एफजीएफआर-२ या जनुकातला विशिष्ट बदल सापडतो आणि त्यावर नेमके काम करणाऱ्या पेमिगॅटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी आयडीएच-१ या दुसऱ्या जनुकातील बदलासाठी आयव्होसिडेनिब या औषधाला मिळाली. सगळ्यांना ही औषधे लागू पडत नाहीत, सगळ्यांना ती परवडतीलच असेही नाही. तरीही विचारावे. तसेच शस्त्रक्रिया होऊ शकत नाही असे एका ठिकाणी सांगितले गेले, तर यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनचे मत एकदा अवश्य घ्यावे, कारण पूर्ण बरे होण्याची खरी संधी शस्त्रक्रियेत असते, आणि गाठ काढता येईल की नाही याचा निर्णय अनुभवी हातांवर बराच अवलंबून असतो. यकृताच्या मुखाशी असलेल्या काही निवडक गाठींत, आजार इतरत्र पसरलेला नसेल तर, यकृतप्रत्यारोपणाचाही विचार होतो. आमच्या बाबतीत यातले काही शक्य झाले नाही. पण केमोच्या कक्षाबाहेर आमच्या शेजारी बसणारे एक गृहस्थ होते, त्यांची शस्त्रक्रिया होऊन त्या वेळी सहा वर्षे झाली होती आणि ते केवळ तपासणीसाठी येत असत. माझे पती त्यांच्याकडे पाहत बसायचे. बोलायचे फारसे नाहीत, पण ते आले की यांचा चेहरा खुलायचा.

आता रोजच्या जगण्याविषयी, कारण खरी लढाई तिथेच असते. पित्त मोकळे करण्यासाठी नलिकेत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवतात. प्लास्टिकचा असेल तर तो काही महिन्यांनी बदलावा लागतो. स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. आम्ही एकदा गोळी देऊन सकाळची वाट पाहिली आणि पुढचे पाच दिवस अतिदक्षता विभागाबाहेर बसून काढले. पुढे त्यांच्या बरगडीखालून एक नळी बाहेर काढून तिला पिशवी जोडावी लागली. रोज सकाळी पिशवीतले हिरवट-पिवळे पित्त मोजायचे आणि वहीत लिहायचे, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. त्या वहीत तारीख, मिलिलिटर आणि रंग असे तीन रकाने त्यांनी पट्टीने आखलेले होते. पित्त एकदम कमी झाले तर नळी अडली असावी हे त्या वहीमुळे दोनदा वेळेवर कळले. आणि आजारी माणसाला स्वतःच्या आजारात एक काम मिळाले, याचे मोल मला तेव्हा कळले नाही.

खाजेविषयी कोणीच पुरेसे बोलत नाही. ती कातडीवरची खाज नसते, आतून उठते. रात्री दोन वाजता माणूस उठून बसतो आणि नखांनी पायांचे रक्त काढतो. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी ती बहुधा थांबत नाही, पण पित्ताच्या खाजेवर वेगळी औषधे असतात आणि पित्ताची वाट मोकळी झाली की आराम पडतो. म्हणून हे दुखणे क्षुल्लक समजून गप्प बसू नये. मी त्यांची नखे एक दिवसाआड कापत असे आणि रात्री गार पाण्यात पिळलेला पंचा त्यांच्या पाठीवर ठेवत असे. एवढ्यानेही कधी तासभर झोप लागायची.

आम्ही केलेली मोठी चूक अशी, की पहिले दोन महिने त्यांच्यापासून कॅन्सर हा शब्द लपवला. सगळ्यांना खुणा केल्या, फाइल कपाटात कुलूपबंद ठेवली, डॉक्टरांना दाराबाहेर गाठून बोललो. एका संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही सगळे दाराबाहेर बोलता, तेव्हा मला इथे फार एकटं वाटतं.” त्यांना सारे कळले होते, आणि आम्हांला त्रास नको म्हणून तेही न कळल्याचे सोंग करत होते. त्या रात्री आम्ही दोघे खूप रडलो आणि दुसऱ्या दिवसापासून घर हलके झाले. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच विचारावे. काहींना सर्व हवे असते, काहींना थोडे. पण प्रेमापोटी उभारलेली ही भिंत दोन्ही बाजूंनी माणसाला एकटे पाडते.

श्रद्धेविषयी लिहिताना जपून लिहिते, कारण प्रत्येकाची श्रद्धा वेगळी आणि काहींची देवावर नसतेच. माझी आहे, पण त्या काळात ती डळमळली, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. सुरुवातीला माझी प्रार्थना एवढीच होती, की रिपोर्ट खोटा ठरू दे. तो खरा ठरला तेव्हा काही आठवडे मी प्रार्थना सोडूनच दिली होती. मग केव्हातरी ती परत आली, पण मागणे बदलले होते: स्टेंट नीट बसू दे, ताप उतरू दे, आजची रात्र खाजेवाचून जाऊ दे. ही मागणी लहान वाटेल, पण त्यांतली कितीतरी पूर्ण झाली, आणि ज्या सकाळी ते शांत झोपून उठत त्या सकाळी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नसे. कोणी आम्हांला सुनावले, की तुमची श्रद्धा कमी पडते म्हणून गुण येत नाही. असे बोल आजारी माणसाच्या घरात कोणी, कधीही उच्चारू नयेत. आणि श्रद्धेचे नाव पुढे करून स्टेंट काढायला किंवा केमो बंद करायला सांगणारा, खात्रीचा उपाय विकणारा कोणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. माझ्या श्रद्धेला डॉक्टरांचे हात आणि परिचारिकेची सुई यांची कधी अडचण झाली नाही; मला तर देव तिथेच अनेकदा भेटला.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक उपचार, हे शब्द ऐकून आम्ही घाबरलो होतो. आता सगळे संपले, असाच त्याचा अर्थ घेतला. वास्तविक वेदना, मळमळ, खाज, झोप आणि मनाची घालमेल यांवर काम करणारे हे वैद्यकशास्त्र केमोच्या बरोबरीने, निदानापासूनच सुरू करता येते. आम्ही ते फार उशिरा स्वीकारले. योग्य प्रमाणात मॉर्फिन मिळू लागल्यावर त्यांना गुंगीच येईल अशी मला भीती होती. उलट दुखणे कमी झाल्यामुळे ते पुन्हा गप्पा मारू लागले, वर्तमानपत्र मागू लागले, आणि मुलाला त्यांनी अपूर्ण राहिलेले बुद्धिबळ शिकवून पूर्ण केले. तो त्यांचा शेवटचा दीड महिना होता. मी त्याला चांगला काळ म्हणते, आणि पूर्ण विचार करून म्हणते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सांगेन, की मदत करू का असे विचारणाऱ्याला ‘नको’ म्हणू नका, त्याला नेमके काम सांगा: अमुक दिवशी रुग्णालयात दोन तास बसा, ही औषधे आणून द्या. आणि शेजाऱ्यांनो, आप्तांनो, काय बोलावे हे सुचत नसेल तर नुसते येऊन बसा.

मी आता आठवड्यातून एकदा त्याच केमोच्या कक्षाबाहेर जाऊन बसते. नवी कुटुंबे हातात फाइल घट्ट धरून येतात, ती लगेच ओळखू येतात. मी त्यांना आजाराविषयी काही विचारत नाही. शेजारी जागा करून देते, आणि थोड्या वेळाने विचारते, की रात्री झोप लागते का. बहुतेक जण तिथूनच बोलायला लागतात.

आपली विश्वासू,
एक वाचक