मनापासून आभार

बाबा दुचाकीवरून पडले, डोक्याला मार लागला, त्याला आठ महिने झाले. हातापायांत ताकद होती, पण उभं राहिलं की तोल जायचा. डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपायाची जाणीव या तिन्हींचा मेळ मेंदूला पुन्हा बसवावा लागतो, हे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं. मग रोज भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, समोर खुर्ची. आधी पाय जुळवून, नंतर एकापुढे एक, मग डोळे मिटून, शेवटी घडी घातलेल्या गोधडीवर. कंटाळवाणं काम! बाबा चिडायचे, माझ्यावर जास्तच.

त्या रात्री रुग्णालयात पोचवून पैसे न घेता निघून गेलेले रिक्षावाले दादा, तुमचं नावही विचारायचं राहिलं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवणारे काका, सुट्टीच्या दिवशी आलात. आणि वरच्या मजल्यावरचा तू, जिन्यात बाबांच्या एक पायरी खाली राहून रोज क्रिकेटवर वाद घालणारा. हरायचास मुद्दाम, कळत होतं आम्हाला.

काल बाबा एकटे फाटकापर्यंत जाऊन दुधाची पिशवी घेऊन आले.