मिरजेच्या तानपुरेवाल्या चाचांना, काळी चारबद्दल थँक्यू

चाचा, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, कधी येताय" म्हणून विषय बदलता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोरच लिहितेय, नातू वाचून दाखवेल.

आठ वर्षं झाली असतील. गाण्याच्या परीक्षांतली विशारद झालेली, त्यापुढच्या अलंकारची तयारी चालू, आणि आवाज महिन्यातून दोनदा बसायचा. डॉक्टर म्हणायचे बोलू नका, आई हळद-दूध द्यायची, आणि मी शिकत होते तिथे सगळ्या मुलींना काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हाच सा, कारण पेटी त्याच पट्टीत चालायची, कुणाचा गळा कसाय हा प्रश्नच नाही. तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग ला गेले की गाणं कमी आणि ओरडणं जास्त. मला वाटायचं रियाज कमी पडतोय.

त्यात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचं ते गुंजणं, गेली, म्हणून कोयना एक्सप्रेसने भोपळा सांभाळत मिरजेला आले. तुम्ही घोडीवर, जिच्यावर तारा टेकतात तिच्यावर, कानस फिरवत होतात, दोन घासे मारायचे, तार छेडायची, कान भोपळ्याजवळ न्यायचा, परत दोन घासे. मग तारेखाली दोरा सरकवलात आणि केसभर पुढे गेल्यावर ती तार जी बोलायला लागली ना, अंगावर काटा आला. म्हणालात, "सा लावा की ताई." मी लावला. तुम्ही काही बोलला नाहीत, खुंट्या पिळल्यात, चारही तारा उतरवल्यात, पुन्हा मिळवल्यात, आणि म्हणालात, "आता लावा."

काळी चार. पेटीवर फक्त एक काळी पट्टी अलीकडे! आणि गळ्यात काहीतरी सुटल्यासारखं झालं. मी म्हटलं, पण मुलींची पट्टी काळी पाच ना, तर तुम्ही हसून म्हणालात, "तानपुरा मिळवून घेता येतो, गळा कसा मिळवणार?"

लगेच सगळं छान झालं असं नाही हां. खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लागायलाच सहा महिने गेले, आणि क्लासमध्ये पट्टी उतरवली म्हणून ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. तेव्हा गंगूबाई हंगलांच्या रेकॉर्डी ऐकत बसायचे, टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर आवाज भारदस्त झाला आणि बाई त्याच आवाजात आयुष्यभर गायल्या, हे तेव्हा मला फार धीर देऊन गेलं.

आता मीच शिकवते चाचा. नवीन मूल आलं की पहिले दोन-तीन क्लास राग नाही, बंदिश नाही, नुसती पट्टी शोधायची, आधी बोलण्याचा आवाज कुठे आहे ते ऐकायचं, मग हळूहळू वर-खाली. पालक विचारतात गाणं कधी सुरू होणार. परदेशातल्या मुलांना ऑनलाइन शिकवते तर तिथे भलतीच गंमत, ते नॉइज कॅन्सलेशन तानपुऱ्यालाच गोंगाट समजून पुसून टाकतं! तुमचं सगळं आयुष्य ज्या गुंजनात गेलं ते कॉम्प्युटरला कचरा वाटतं. सेटिंग बंद करायला लावते आणि तानपुरा त्यांच्याच बाजूला वाजवायला सांगते, नाहीतर सूर उशिरा पोचतो.

2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा फोन केला होता, तर म्हणालात, "चांगलं झालं, पण पोरं कानस धरायला बसंनात."

दिवाळीनंतर येतेय. एका विद्यार्थिनीला पहिला तानपुरा घ्यायचाय, तिची पट्टी पांढरी पाच निघालीय, पण तुम्ही एकदा ऐका. आणि माझी खर्जाची तार परत बसकी बोलतेय, दोरा तुम्हीच लावा, मी लावलेला चार दिवस टिकत नाही.